जखमेची ओल: हायड्रोजेलच्या प्रबंधाचं एक वर्ष

आजीच्या टाचेची जखम २०२१ च्या दिवाळीपासूनची. शुगर जुनी, त्यात टाचेला भेग पडली आणि तीच चिघळली. रोज संध्याकाळी आई तिचा पाय पाटावर घेऊन गॉज बदलायची. गॉज जखमेला चिकटून सुकलेला असायचा. आई त्यावर सलाइन टाकायची, पाच-दहा मिनिटं थांबायची, तरी शेवटचा कोपरा ओढावाच लागायचा, आणि नव्याने आलेली गुलाबी कातडी त्याच्याबरोबर निघून यायची. आजी ओरडायची नाही. खाटेची कड घट्ट धरून बसायची.

जुलै २०२२ मध्ये एम. फार्म.च्या प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीचे गोळ्या आणि मायक्रोस्फिअर्सकडे वळले. मी माझ्या गाइड मॅडमना सांगितलं, मला जखमेवरची पट्टी करायची आहे, चिकटणार नाही अशी. मॅडम म्हणाल्या, "कर, पण आधी जखम म्हणजे काय ते वाच. पॉलिमर नंतर." पहिला महिना तेच केलं. आता प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षाही झाली. या वाटेवर मला जिथे जिथे कोणी सांगणारं नव्हतं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे.

घरात आपण लहानपणापासून ऐकतो की जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या ठेवलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने पसरते. कारण साधं आहे. नव्या पेशी कडेकडून सरकत येतात आणि त्यांना सरकायला ओल लागते. खपली आली की त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. मी हे घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "आमी भाजलं की केळीचं पान लावत होतो. पान काय चिकटत न्हाई." मला वाटलं, ही घरगुती गोष्ट. पुढे वाचताना मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या सर्जननी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हाती आला. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, मुंबईतल्याच डॉक्टरांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग करून पाहिलं होतं. आजीला दोन्ही पेपर वाचून दाखवले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग तू येगळं काय करनार?" सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, सादरीकरणात परीक्षकांनीही मला हेच विचारलं.

माझं उत्तर असं होतं: पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं कायटोसान यांची पारदर्शक हायड्रोजेल पट्टी करायची, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचं (पॉलिमरचं) पाणी धरून ठेवणारं जाळं, आणि तेही साखळ्या एकमेकींना बांधणारं कोणतंही रसायन (क्रॉसलिंकर) न घालता, नुसतं गोठवून आणि वितळवून. पीव्हीएचं पाणी गोठलं की बर्फाचे कण वाढतात आणि पॉलिमरच्या साखळ्या उरलेल्या फटींमध्ये दाटीवाटीने ढकलल्या जातात. तिथे त्या एकमेकींना धरून बारीक स्फटिक बनवतात. बर्फ वितळला तरी त्या गाठी सुटत नाहीत. ग्लुटराल्डिहाइडसारखं विषारी रसायन लागत नाही, म्हणून ते जखमेत झिरपण्याची भीतीही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने पीव्हीएचीच हायड्रोजेल पट्टी किरणांनी क्रॉसलिंक करून तयार केली आहे आणि ते तंत्रज्ञान उद्योगांना दिलं आहे. आमच्या कॉलेजात किरणं नव्हती, डीप फ्रीझर होता.

सिनॉप्सिस मंजूर झाल्याबरोबर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मॅडमनी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीचा अर्ज भरायला लावला. तेव्हा माझ्याकडे एक पट्टीसुद्धा तयार नव्हती, म्हणून मला ते घाईचं वाटलं. मॅडमचं बरोबर होतं. अर्जाचं नाव फॉर्म बी. त्यात उंदीर किती, इतकेच का, कमी का चालणार नाहीत, भूल कोणती, वेदनाशामक कोणतं, प्रयोग संपल्यावर काय करणार, हे सगळं लिहावं लागतं. समितीच्या बैठकीला प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीने, म्हणजे ज्याला अजून सगळे जुन्या नावाने सीपीसीएसईए म्हणतात त्या सीसीएसईएने, नेमलेला प्रतिनिधी हजर असावाच लागतो. त्यांची तारीख मिळेपर्यंत १७ डिसेंबर उजाडला. त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला: "चार गटांत चोवीस उंदीर मागितलेत. चौथा गट काढला तर काय बिघडेल?" माझ्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. तो गट गेला, अठरा उंदरांना मंजुरी मिळाली. हा अर्ज लवकर टाका आणि प्रत्येक गट का हवा ते आधी स्वतःला पटवून घ्या.

रसायनांची खरेदी म्हणजे तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही. इथे माझे तीन आठवडे गेले, आणि चूक माझीच होती. पीव्हीए मागवताना मी फक्त रेणुभार लिहिला, हायड्रोलिसिस किती टक्के, म्हणजे साखळीवरचे ॲसिटेटचे गट किती काढून टाकलेले हवेत, ते लिहिलं नाही. आलं ते ८७ ते ८९ टक्क्यांचं. पाण्यात झटकन विरघळलं, मला आनंद झाला. तीन वेळा गोठवलं, वितळवलं, आणि पेट्री प्लेट तिरकी केली तर सगळं काकवीसारखं ओघळलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. अर्धवट हायड्रोलाइज्ड पीव्हीएच्या साखळीवर ॲसिटेटचे गट शिल्लक असतात, ते मध्ये येतात आणि स्फटिक धड जमत नाहीत. गोठवून जेल करायचं तर ९८-९९ टक्क्यांचंच हवं. नवीन डबा आला तो २४ ऑक्टोबरच्या दिवाळीनंतर. पाचशे ग्रॅमला ११५० रुपये. कायटोसान शंभर ग्रॅम २४०० रुपये.

पूर्ण हायड्रोलाइज्ड पीव्हीए विरघळवणं हे वेगळंच काम आहे. गरम पाण्यात टाकलं तर बाहेरून चिकट आणि आत कोरडे असे गोळे होतात, ते मग दिवसभर हलत नाहीत. थंड पाणी ढवळत ठेवायचं, त्यात चिमूट-चिमूट सोडायचं, पंधरा मिनिटं भिजू द्यायचं आणि मग ९० अंशांपर्यंत न्यायचं. बीकर झाकणासह आधी तोलून ठेवा. तासाभरात उडालेलं पाणी शेवटी तोलून भरून काढावं लागतं, नाहीतर तुमचं दहा टक्क्यांचं द्रावण साडेअकरा टक्क्यांचं होतं आणि पुढचे सगळे आकडे हलतात. बुडबुडे घालवायला मी रात्रभर झाकून ठेवायचे. कायटोसान एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळून मलमलच्या कापडातून गाळायचं. दोन्ही एकत्र, वरून ग्लिसरीन, पेट्री प्लेटमध्ये वीस-वीस मिली. उणे २० अंशांना सोळा तास, बाहेर आठ तास, असे तीन फेरे. म्हणजे एका बॅचला तीन दिवस, आणि दुपारी काढलेली प्लेट रात्री परत ठेवायला कोणीतरी हवं. लॅबमधले मामा नसते तर हे झालं नसतं. मी शेवटच्या एसटीने निघाले की रात्री नऊला ते माझ्या प्लेट आत ठेवायचे आणि सकाळी वहीत वेळ लिहिलेली असायची. नोव्हेंबरात एकदा देखभालीसाठी सात तास लाइट गेली तेव्हाही त्यांनीच फोन करून सांगितलं, "ताई, आतलं पाणी झालंया." ती बॅच टाकून दिली. फेरे कमी-जास्त झालेली बॅच दिसायला सारखीच दिसते पण फुगते वेगळी, म्हणून मोह झाला तरी वापरू नका.

डिसेंबर अखेरपर्यंत नऊ पट्ट्या उभ्या राहिल्या. कायटोसान वाढवलं की पट्टी लिबलिबीत होते, कमी केलं की जंतूंवर परिणाम दिसत नाही. ग्लिसरीन नसलेली पट्टी रात्रभर टेबलावर उघडी राहिली तर सकाळी कडा वर वळून पापडासारखी होते. ग्लिसरीन जास्त झालं तर हाताला चिकट लागते.

जानेवारी २०२३ पूर्ण मोजमापात गेला, आणि या कामाचा गाभा मला इथे कळला. मी समजत होते की पट्टी जितकं पाणी धरेल तितकी चांगली. तसं नाही. कृत्रिम जखमस्राव म्हणून एक लिटर पाण्यात ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घालतात. त्यात माझी एक चकती ०.४२ ग्रॅमवरून चोवीस तासांत २.०६ ग्रॅम झाली, म्हणजे ३९० टक्के फुगली. पण फुगलेली पट्टी कडेच्या चांगल्या कातडीलाही भिजत ठेवते आणि ती कातडी पांढरी पडून सुटायला लागते. जखमेतून पाणी उडायलाही हवं, पण मोजकं. धड त्वचेतून दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे २०० ग्रॅम पाणी उडतं, मांस उघडं पडलेल्या जखमेतून पाच हजारांच्या वर. पट्टीने ते दोन ते अडीच हजारांच्या आसपास आणावं अशी शिफारस बहुतेक पेपरांत आहे.

हे मोजायला मोठं यंत्र लागत नाही. तीस मिलिमीटर तोंडाच्या काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, तोंडावर पट्टी ताणून बसवायची, कड मेणाने बंद करायची, बाटली तोलायची, ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि चोवीस तासांनी परत तोलायची. माझ्या पाचव्या पट्टीच्या बाटलीतून १.६ ग्रॅम पाणी गेलं. बाटलीचं तोंड ०.०००७०७ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला २२६३ ग्रॅम. हिशेब मी तीनदा केला, कॅल्क्युलेटर बदलून. मग उठून मामांना सांगायला गेले. त्यांना आकड्याचं काही नव्हतं, पण त्यांनी चहा मागवला.

इथे दोन सूचना. इनक्युबेटरमधली आर्द्रता रोज लिहून ठेवा, कारण जानेवारीतला आकडा जूनमध्ये येणार नाही. आणि फुगलेली चकती फिल्टर पेपरवर टिपायची पद्धत ठरवून टाका. मी दोन्ही बाजूंनी एकेकदा टिपायचे, मैत्रीण दाबून टिपायची, एकाच बॅचचे आमचे आकडे चाळीस टक्क्यांनी वेगळे आले होते. ताण सहन करण्याची तपासणी इचलकरंजीच्या एका टेक्स्टाइल कॉलेजात करून घेतली, नमुन्याला ३०० रुपये. कापडाच्या यंत्राच्या जबड्यात ओली पट्टी निसटते. दोन्ही टोकांना सँडपेपरचे तुकडे लावून न्या.

फेब्रुवारीत पाचव्या पट्टीचे नमुने पेशींवरच्या तपासणीसाठी पुण्याच्या एका लॅबला पाठवले. आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एल-९२९ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या) पेशी घेतात, पट्टी चोवीस तास पोषकद्रवात ठेवून तो अर्क पेशींवर घालतात आणि किती पेशी जिवंत राहिल्या ते एमटीटी रंगाने मोजतात. ७० टक्क्यांच्या खाली गेलं की पट्टी पेशींना घातक धरतात. फी ७५०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ८८५० रुपये. नवव्या दिवशी तिथल्या मॅडमचा फोन आला. अहवालाच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमच्या पट्टीत ॲसिड आहे का? मीडियम गुलाबीचं पिवळं पडलंय." अहवाल आला, ४८ टक्के.

त्या रात्री मी जेवले नाही. पाच महिने ज्या पट्टीला मी जखमेसाठी म्हणत होते, तिने निम्म्याहून अधिक पेशी मारल्या होत्या. आई शेजारी बसली होती, तिने काही विचारलं नाही.

कारण मात्र त्या पिवळ्या रंगातच होतं. कायटोसान विरघळवायला घातलेलं ॲसिटिक ॲसिड पट्टीत तसंच राहिलं होतं. मी पट्टीचा पीएच कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी एक तुकडा डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाहिला, ४.२. मग उपाय सुरू झाला. पट्टी आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या ०.१ मोलर द्रावणात बुडवायची, मग डिस्टिल्ड पाण्यात ठेवून दर दोन तासांनी पाणी बदलायचं, धुवणाचा पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत. सात वेळा पाणी बदलावं लागलं. पीव्हीएच्या गाठी साध्या तापमानाच्या पाण्यात टिकतात, त्यामुळे पट्टी शाबूत राहिली. पण धुण्यात ॲसिडबरोबर ग्लिसरीनही निघून गेलं आणि पट्टी पुन्हा पापड व्हायला लागली. ओल टिकवण्यासाठी घातलेलीच वस्तू मी धुऊन टाकली होती. शेवटी क्रम उलटा केला: ग्लिसरीन सुरुवातीला घालायचंच नाही, धुतलेली पट्टी रात्रभर दहा टक्के ग्लिसरीनच्या पाण्यात ठेवायची. ती मऊ राहिली, चिकटही झाली नाही. अर्थात पट्टी बदलली म्हणजे जानेवारीतले सगळे आकडे बाद झाले. फुगणं, बाष्प, ताण, सगळं पुन्हा. बाष्पाचा नवा आकडा २११० आला. मार्चच्या २८ तारखेला पुण्याहून दुसरा अहवाल आला: ८६ टक्के. त्यासाठी आणखी ८८५० रुपये गेले. ज्या लॅबमधून आधी फोन करून रंग सांगितला जातो, ती लॅब दोन पैसे जास्त घेत असली तरी तिथेच नमुने द्या. आणि कायटोसान वापरणाऱ्या प्रत्येकाने पुण्याला काही पाठवण्याआधी पट्टी पाण्यात ठेवून पीएच बघावा. त्याला वीस मिनिटं लागतात.

निर्जंतुक करतानाही एक पट्टी गमावली. सवयीने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांना लावली आणि उघडल्यावर पाकिटात नुसतं घट्टसर पाणी. गोठवून झालेल्या गाठी उष्णतेने सुटतात. उंदरांसाठीच्या पट्ट्या मग फॉइलच्या पाकिटात सील करून एका पुरवठादारामार्फत गॅमा किरणांसाठी पाठवल्या, मात्रा २५ किलोग्रे. खर्च ३००० रुपये, वाट अकरा दिवस. परत आलेल्या पट्ट्या किंचित कडक झाल्या होत्या. किरणांनी थोडं क्रॉसलिंकिंग होतंच.

एप्रिलमध्ये अठरा विस्टार उंदीर आले. एकेकाला वेगळा पिंजरा, आठवडाभर नुसतं रुळू द्यायचं. मी रोज सकाळी जाऊन नुसती त्यांच्याजवळ बसायचे, हात ओळखीचा व्हावा म्हणून. जखम करायचा दिवस मी टाळू पाहत होते. भूल दिल्यावर पाठीवरचे केस काढून पंधरा मिलिमीटरचा गोल कापायचा असतो. पहिला आमच्या सरांनी केला, दुसरा मी. हात थरथरत नव्हता, पण बाहेर आल्यावर पायात बळ नव्हतं. वेदनाशामक तीन दिवस चुकवलं नाही. पहिल्याच रात्री दोघांनी पट्ट्या कुरतडून काढल्या, त्यानंतर वरून पारदर्शक फिल्म आणि स्वतःला चिकटणारी बँडेज गुंडाळली. मोजणी जुन्याच पद्धतीने केली: जखमेवर पारदर्शक कागद, मार्करने कड गिरवायची, आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. तिसरा, सातवा, अकरावा, चौदावा दिवस.

सातव्या दिवशी हायड्रोजेलचा गट गॉजच्या पुढे होता, डोळ्यांना दिसेल इतका. चौदाव्या दिवशी फरक थोडाच उरला. तोंडी परीक्षेत मी हे तसंच सांगितलं, आणि हेही सांगितलं की उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची तशी नाही, म्हणून या आकड्यांवरून माणसाविषयी फार बोलता येत नाही. मला जे पाहायचं होतं ते आकड्यात नव्हतंच. पट्टी बदलताना गॉजच्या गटात दर वेळी थोडं रक्त यायचं. माझी पट्टी चिमट्याने एका कडेला धरली की ओल्या काचेवरून सरकावी तशी निघून यायची, खाली जखम लाल आणि चकचकीत, तशीच. चौदाव्या दिवशी त्वचेचे नमुने घ्यायचे म्हणून सगळ्या उंदरांना वेदनारहित मरण दिलं. त्या संध्याकाळी मी घरी फोन केला नाही.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आजीची जखम मध्ये एकदा भरून पुन्हा उघडली होती. तिने विचारलं, "झाली न्हवं तुझी पट्टी? मग लाव की माझ्या पायाला." माझ्या पर्समध्ये सील केलेलं एक पाकीट होतं, दाखवायला आणलेलं. मी नाही म्हणाले. तिला समजावणं जमलं नाही, इथे लिहिते. जखमेवरची पट्टी हे आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस आहे आणि तिला २०१७ चे नियम लागू होतात. माणसावर चाचणी घ्यायची तर चाचणीपुरत्या उत्पादनासाठी एमडी-१२ चा अर्ज, त्यावर एमडी-१३ ची परवानगी, माणसांच्या वेगळ्या एथिक्स कमिटीची मंजुरी, त्याआधी ॲलर्जी आणि जळजळीच्या तपासण्या. कायटोसान कवचापासून येतं, कोळंबी न चालणाऱ्या माणसाला ते चालेल का, हे तपासल्याशिवाय कसं लावणार? आणि आजीला तर शुगर आहे. एका बॅचवर, अठरा उंदरांवर भरवसा ठेवून तिच्या पायाशी खेळायचा मला हक्क नव्हता.

मी एवढंच केलं की तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि विचारलं, गॉजखाली ओल टिकवणारं काही चालेल का. त्यांनी जखम साफ केली, जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, फार स्राव नाही हे पाहिलं आणि हायड्रोजेलची तयार ट्यूब लिहून दिली. स्राव जास्त असता तर दिली नसती, असंही म्हणाले. पायावर भार पडू नये म्हणून वेगळी चप्पलही दिली, आणि पट्टीपेक्षा चप्पल महत्त्वाची आहे हे दोनदा सांगितलं. आई आता तीन दिवसांनी ड्रेसिंग बदलते. गॉज ओढावा लागत नाही. आजीचा हात खाटेच्या कडेवर नसतो, मांडीवर असतो.

एकूण खर्च ४०,००० रुपयांच्या आसपास गेला. जीपॅट या फार्मसीच्या प्रवेश परीक्षेवर मिळालेली महिना १२,४०० ची शिष्यवृत्ती होती म्हणून घरी मागावं लागलं नाही. तोंडी परीक्षा जुलैत झाली. पट्टी किती टिकते ते पाहायला ठेवलेली स्थिरतेची पाकिटं मात्र अजून ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात आहेत. तिसऱ्या महिन्याचं उघडलं तेव्हा पट्टीचं वजन दोन टक्क्यांनी घटलं होतं. सहाव्या महिन्याचं ऑक्टोबरात उघडायचं आहे. वजनाची वही ज्युनिअरकडे दिली आहे, किल्ली मामांकडे आहे, आणि त्या दिवशी मी स्वतः जाणार आहे.